पातेऱ्याची वाटणी

आमच्या आईबाबांचं आयुष्यातलं सगळ्यांत मोठं भांडण पातेऱ्यावरून झालं. रत्नागिरीच्या माझ्या ऑफिसात हे सांगितलं की घाटावरून बदली होऊन आलेल्या बायका आधी पातेरा म्हणजे काय ते विचारतात. आंब्याफणसाखाली पडलेला वाळका पाला, असं सांगितलं की हसतात. पाल्यावरून कुणी भांडतं का? भांडतं. आमच्याकडे माघ-फाल्गुनात बायका खराटे आणि हारे, म्हणजे मोठ्या टोपल्या, घेऊन झाडांखाली जातात आणि रान अंगणासारखं लोटून काढतात. कुणाच्या झाडाखालचा पाला कुणी नेला यावरून भावाभावांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. आमच्या घरात ते नवराबायकोचं बंद झालं, एवढाच फरक.

बाबा जाऊन आता दोन पावसाळे झाले. आई गावी एकटी असते. जयगडच्या रस्त्याने जाताना एक फाटा लागतो, तिथून आत आमची वाडी. महिन्या-दोन महिन्यांनी ती एसटीच्या ड्रायव्हरकडे गांडूळखताची पिशवी देते आणि मी ती स्टँडवर जाऊन उतरवून घेते. माझ्या गॅलरीत कुंड्या आहेत जेमतेम चार, त्यांना एवढं खत लागत नाही. पण नको म्हणवत नाही. पिशवी उघडली की गोठ्यामागचा तो गार, काळोखा वास येतो, आणि घरात कुणी नसलं तर मी त्यात मनगटापर्यंत हात घालून थोडा वेळ बसते. मन भरून येतं. येऊ देते.

बाबा आयुष्यभर मुंबईत एका छापखान्यात बाइंडर होते. गणपती, शिमगा आणि मे महिना, एवढ्यापुरते ते आमचे. बाकी वर्षभर घर, गाय, दोन दळ्यांचं, म्हणजे खाचरांचं, भात, आंबे, काजू आणि मी, असं सगळं आईच्या अंगावर. वाडीतल्या बहुतेक घरांची तीच तऱ्हा होती, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बाबा आले की आई फळीवरून कपबशी काढायची. आम्ही दोघी स्टीलच्या पेल्यातून चहा पीत असू, त्यांना कपबशी. पडवीतली खुर्ची पुसून द्यायची. जेवायला पहिलं ताट त्यांचं. त्यांना आवडतं म्हणून आंबोळ्या. जाताना पिशवी भरून कोकमं आणि कुळथाचं पीठ. आता आठवलं की वाटतं, इतकी बडदास्त आपल्या घरच्या माणसाची कुणी ठेवत नाही. ती पाहुण्याची असते.

मग ते निवृत्त होऊन कायमचे घरी आले, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की त्या घरात त्यांच्यासाठी खुर्ची आहे, काम नाही.

आई त्यांना कधी टाकून बोलली नाही. ती फक्त "बसा तुमी" म्हणायची. पाणी आणू का? बसा तुमी. गवत कापून आणू? बसा तुमी, मी जातेच हाय. एकदा ते हट्टाने गाय सोडायला गेले तर गायीने शिंगं उगारली. तिलाही ते पाहुणेच वाटत होते. मी शनिवार-रविवार घरी जायची तेव्हा बाबा मला फाट्यापर्यंत घ्यायला यायचे, खरं तर घरातून बाहेर पडायला निमित्त म्हणून. वाटेत म्हणायचे, "तुझी आई फार हुशार गं. तिला कुणाचीच गरज नाही." कौतुकाने म्हणायचे, पण मला ते ऐकवत नसे. त्या माणसाला आपल्याच घरात थोडीशी जागा हवी होती, आणि ती आईच्या हातात होती, आणि आईला ते दिसत नव्हतं. मला आईचा राग यायचा. माझा स्वभावच तसा आहे, मी आधी बाजू घेते आणि मग विचार करते.

त्या मे महिन्यात भाजावळ होती. आमच्याकडे भाताचा तरवा, म्हणजे लावणीचं रोप, ज्या तुकड्यात पेरायचा तो तुकडा आधी भाजून घेतात. खाली शेण, त्यावर ऐना-किंजळाचे तोडलेले टाळे, म्हणजे पानांसकट डहाळ्या, मग गवत, मग पातेरा, आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. याला राब म्हणतात. वाऱ्याचं तोंड बघून खालच्या अंगाने पेटवायचा, म्हणजे तो भडकत नाही, धुमसत धुमसत जातो आणि तणाचं बी जाळून टाकतो. आई त्यात पटाईत. तिच्या राबावरचं रोप वाडीत सगळ्यांत आधी हिरवं व्हायचं. बाबा दळ्याच्या बांधावर हातात पाण्याची कळशी घेऊन उभे होते. तेवढ्यात शेजारची काकी आली आणि आईने कळशी त्यांच्या हातून काढून तिच्याकडे दिली.

"मी काय करू?" बाबा म्हणाले.

"धूर लागंल तुमाला. वर जाऊन बसा."

ते वर येऊन खुर्चीत बसले. मी पडवीतच आंब्याच्या फोडी करत होते.

दिवाळीनंतर तालुक्याला शेतीखात्याचं शिबिर झालं, गांडूळखताचं. बाबा तिथे गेले आणि येताना ओल्या फडक्यात बांधून गांडुळं घेऊन आले. तेव्हापासून त्यांच्या अंगात वारं शिरलं. गोठ्यामागे उरलेले चिरे रचून त्यांनी एक लांबट हौद केला, वर झावळ्यांची झापं घालून सावली केली. तळाला नारळाची सोडणं, त्यावर शेणकाल्यात भिजवून अर्धवट कुजवलेला पाला, त्यावर जुनं शेण, पुन्हा पाला. छापखान्यात कागदाच्या थप्प्या लावलेले हात ते. पानं अशी एकसारखी पसरायचे, तळहाताने कडा अशा दाबायचे, की जणू उद्या त्याला पुठ्ठा चढवायचाय. वर गोणपाट. त्यावर रोज सकाळी पाणी शिंपडायचं, हौदापाशी पाट टाकून चहा प्यायचा. कपबशीतूनच.

वाडीला विषय मिळाला. गांडुळाला आमच्याकडे काडू म्हणतात. काकी कुंपणापलीकडून विचारायची, "काय वो, काडू पाळलेत म्हणं. दूध किती देतात?" बाबा हसून म्हणायचे, "अजून व्यायचे आहेत." मला वाटतं, गावात आल्यापासून कुणी त्यांची थट्टा केली ती तीच पहिली, आणि ती त्यांना आवडली होती. पाहुण्याची कोण थट्टा करतं?

आई मात्र हौदाकडे फिरकत नसे. तिच्या मते तो हौद म्हणजे लहान पोरांचा मातीतला खेळ, आणि तो चालू होता तोवर ठीक होतं. पण काडवांना खायला लागतं. माघ संपता संपता एका सकाळी आई खराटा आणि हारा घेऊन मोठ्या आंब्याखाली गेली, तर खाली एक पान नव्हतं. बाबांनी आदल्या दिवशीच सगळं लोटून हौदाशेजारी ढीग घातला होता.

ती परत आली आणि तिने रिकामा हारा अंगणात उपडा घातला. रविवार होता, म्हणून मी घरी होते.

"राब काय माज्या हाडांनी भाजू?" ती म्हणाली.

बाबांना वाटलं, समजावून सांगितलं की झालं. शिबिरात ऐकलेलं सगळं त्यांनी ओळीने सांगितलं. जाळलं की राख होते, कुजलं की खत होतं, धुराने जीव घुसमटतो, जमीन तापते, जमिनीतले सगळे उपकारी जीव मरतात. ते चांगलं बोलत होते. आई ऐकत होती, आणि ती इतका वेळ ऐकते तेव्हा समोरच्याने गप्प व्हावं हे त्यांना ठाऊक नव्हतं. कसं ठाऊक असणार?

"तुमच्या काडवांनी आजवर कुणाला भात घातलाय?" आई म्हणाली. "ह्या राबावर घर चाललंय. ह्या राबावर पोर शिकली. तुमी तवा हतं नव्हताव."

तुम्ही तेव्हा इथे नव्हतात, हे ऐकून बाबांचा चेहरा पडला. तिला ते तसं म्हणायचं नव्हतं, हे मी आज सांगू शकते. ती पाल्याबद्दलच बोलत होती. पण शब्द गेला तो गेला. दुपारी बाबांनी हारे भरभरून सगळा ढीग आईच्या राबाच्या जागेवर नेऊन टाकला, आणि त्यानंतर दोघांचं बोलणं जेवायला चला, दिवा लावला का, एवढ्यावर आलं. शिमग्यात पालखी दारात आली तेव्हा आईनेच वाटणी सांगितली, तीही माझ्याकडे बघून: मागच्या काजूंचा पाला त्यांना घेऊ दे, आंबा-फणस माझा. काजूचं पान चिवट, कुजता कुजत नाही. बाबांनी तेही कबूल केलं आणि ती चिवट पानं पायाखाली तुडवून, भिजवून, मऊ करून काडवांना घातली. काडवांनी तक्रार केली नाही. पावसाळा लागेतो हौदात एवढी पोरंबाळं झाली होती की गोणपाट उचललं की सगळा थर हलायचा. खत चहाच्या भुकटीसारखं सुटं पडायला लागलं होतं. बाबा ते मूठभर घेऊन मला दाखवायचे आणि मी दर खेपेला नव्याने बघायची.

आषाढात एका शनिवारी मी गेले तर बाबा हौदापाशी उकिडवे बसलेले. गांडुळं खालून वर येऊन चिऱ्यांवरून बाहेर पडत होती. कितीतरी बाहेरच मरून पडली होती आणि मुंगळे त्यांना ओढून नेत होते. बाबांनी झापं तपासली, पाणी कुठून गळतंय का पाहिलं, शेण ताजं पडलं का आठवून पाहिलं. कशाचाच मेळ लागेना. रात्री ते नीट जेवले नाहीत. जे एक काम त्यांनी या घरात स्वतःचं म्हणून उभं केलं होतं ते डोळ्यांदेखत संपत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघराच्या मागल्या दारातून आई हातात टोप घेऊन बाहेर पडली. आम्ही दोघं गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे होतो. ती थेट हौदापाशी गेली, एका हाताने गोणपाट उचललं आणि टोपातलं पाणी हळूहळू, कडेकडेने, सगळीकडे पोचेल असं आत ओतलं. मग गोणपाट पुन्हा नीट झाकलं.

"काय घातलंस गं?" बाबांनी विचारलं.

ती दचकली. चोरी पकडल्यासारखी जरा हसली. "खाऱ्याचं पाणी."

आई केळशीची, समुद्रकाठची. पावसाळ्यात होड्या बंद असल्या की आमच्याकडे खारवलेले मासे निघतात. ते आधी पाण्यात घालून मीठ उतरवायचं, आणि ते वासाचं पाणी फेकायचं नाही, माडाच्या मुळाशी नाहीतर कढीलिंबाला घालायचं, हे ती माहेराहून शिकून आलेली. माडाला तर तिच्याकडे मुद्दाम मीठ घालतात. परसातल्या ज्या ज्या गोष्टीवर तिचा जीव, त्याला ते पाणी मिळायचं. "माडाला घालते, कढीलिंबाला घालते," ती म्हणाली. "म्हटलं, ह्यांनाच कशाला उपाशी ठेवायचं. आषाढ लागल्यापासनं घालते हाय."

"बरं केलंस," बाबा म्हणाले.

माझ्याच्याने राहवलं नाही. "बरं काय केलं? आई, मिठाने मरतात ती. सगळी मेली ना तुझ्या पाण्याने."

आईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा हौदाकडे. टोप तसाच हातात धरून ती पायरीवर बसली. मग उठून आत गेली. बाबा माझ्यावर असे चिडलेले मी आयुष्यात पाहिले नव्हते. आवाज न चढवता म्हणाले, "काडू काय, परत आणता येतील. ती माझ्या हौदाला रोज खायला घालत होती, हे तुला कळलं नाही?" आणि खरंच, त्या मेलेल्या गांडुळांच्या ढिगाशेजारी उभं राहून त्या माणसाच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. मला तेव्हा दोघांचाही राग आला. जगातली निम्मी माणसं प्रेम करतात आणि समोरच्याला विचारत नाहीत की बाबा रे, तुला खारट चालतं का.

आई बरेच दिवस हौदाच्या बाजूला गेली नाही. गणपती झाले, गौरी गेल्या. मग एका संध्याकाळी तिने भाजी निवडता निवडता सांगितलं की तिच्या भावाने केळशीला बागेत असले काडू केलेत.

"मी जाऊन घेऊन येते," ती म्हणाली. मग जरा थांबून, "गाईचं तुमी बगाल?"

बाबा "बघेन" म्हणाले, पण पुटपुटल्यासारखं. मला फोनवर हे सांगताना त्यांचा आवाज एवढा बदललेला होता की मी आधी घाबरले. आई माहेरी राहायला शेवटची कधी गेली होती हे आमच्यापैकी कुणालाच आठवेना. लग्नाकार्याला, कुणी गेलं तर, सकाळी जाऊन पुढच्या गाडीने परत. गाय कुणावर टाकायची? घर कुणावर? इतकी वर्षं ती माहेर विसरली असं मला वाटायचं. ती विसरली नव्हती, तिला सोडवणारं कुणी नव्हतं.

ती गेली आणि मी शनिवारी मदतीला म्हणून घरी गेले. भात करपलेला होता, पडवीत शेण आलं होतं, आणि बाबांच्या पोटरीवर गायीच्या लाथेचा हा एवढा निळा डाग. पण गोठा लख्ख, गाय पाणी पिऊन रवंथ करत बसलेली. मी पदर खोचला तर म्हणाले, "तू बस. मला सवय झालीय." सवय होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. मी मुकाट बसले आणि करपलेला भात खाल्ला. त्याहून गोड जेवण मला आठवत नाही.

आई आली ती दाभोळची खाडी आणि मग जयगडची, अशा दोन फेरीबोटी ओलांडून, मांडीवर दुधाची किटली घेऊन. तोंडाला ओलं फडकं, आत शेण, पाला आणि काडू. बोटीवर कुणीतरी विचारलं, मावशी, मध आहे का किटलीत? तर हिने सांगितलं, "काडू हायत. आमच्या घरात पाळतात." हे तिने स्वतःच आम्हाला सांगितलं, हसत हसत, आणि किटली बाबांच्या हातात दिली. माहेरी चार दिवस राहिलेल्या बाईचा चेहरा कसा होतो ते मी त्या दिवशी पाहिलं. तीही कुणाची तरी मुलगी होती, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

पुढच्या माघात दोघं एकत्र पातेरा लोटायला गेले. मोठ्या आंब्याखाली आईने मधोमध खराट्याने रेघ ओढली आणि म्हणाली, ही बाजू तुमची. काजूवर भागवायची गरज नाही. राबाला कमी पडलेला पाला तिने जादा टाळे तोडून भरून काढला. बाबा मात्र हेका सोडायला तयार नव्हते. भाजावळ वाईटच, हे त्यांनी चैत्रभर येता-जाता सांगितलं. आई म्हणायची, सांगा सांगा. काकी म्हणायची, आता ह्या वर्षी राब पेटतो की काडू जिंकतात, बघूया. सगळी वाडी वाट बघत होती म्हटलं तरी चालेल.

मे महिन्यात उन्हं कलल्यावर भाजावळ ठरली. काकी कळशी घेऊन आली. राब रचून, वर माती पसरून तयार होता. आई खालच्या अंगाला गेली, वारा कुठून येतोय बघून कोपऱ्यातल्या गवतापाशी वाकली. काडेपेटीतली काडी काढून झाली होती. सगळं जसं दर वर्षी होत आलं तसंच, तिला सांगणारं कुणी नव्हतं आणि सांगण्यासारखंही काही नव्हतं. आणि ती थांबली. वाकलेलीच मान वर करून तिने बांधावर उभ्या असलेल्या बाबांकडे बघितलं.

"अवो," ती म्हणाली, "लावू काय?"

वर्षभर ज्या माणसाने जाळू नको, जाळू नको म्हटलं, त्यालाच ती विचारत होती, आणि चारचौघांत विचारत होती. तो नको म्हणाला असता तर ती काडी पेटीत परत गेली असती, हे तिच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसत होतं. त्या जमिनीबद्दल तिने आजवर कुणाला एक अक्षर विचारलं नव्हतं.

बाबांना ते कळलं. त्यांनी काकीच्या हातातली कळशी घेतली, बांधावरून खाली उतरले आणि आईच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"लाव," ते म्हणाले. "मी हाय हतं."

आईने काडी ओढली.